चालपट्ट्याचं कुलूप

लकवा मारल्यावर दोन वर्षांनी तात्या लोहार कमरेला पाय हलवणारा मोटरचा चालपट्टा बांधून कऱ्हाडच्या आपल्या गॅरेजात फिरत होते. त्यांची बायको हौसाबाई बघत होत्या ते त्यांच्या गुडघ्यांकडे. नवऱ्याबरोबर तीस वर्षं ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स खोललेली बाई ती. सांधा कुठे अडतो हे तिला लांबून कळे.

"पट्ट्याच्या आत तेलाच्या डबीत समोरासमोर दोन पंखे आहेत," पट्टा बनवणाऱ्या कंपनीची मृणाल सांगू लागली. "मोटर एक फिरवते, तेल दुसऱ्याला ढकलतं, दुसरा पाय हलवतो..."

"मला शिकवतेस होय गं? तेल थोडं घसरतं, म्हणून गाडी गिअरात थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. वेग धरला की क्लच दोन्ही पंखे जखडतो. घसरण संपते, तेवढं इंधन वाचतं. ते कुलूप ह्यात कधी लागतं?"

"दहा पावलं सारखी पडली की. मग बॅटरी दिवसभर पुरते. एरवी दोन तास."

"आणि सुटतं कधी?"

"हातातलं बटण दाबलं की."

तोवर तात्या गाड्यांखाली उतरायच्या खड्ड्याकडे निघाले होते. त्या काठाशी त्यांना जन्मात खाली पाहावं लागलं नव्हतं. पाय आपसूक थांबत. आजही मांडी ताठली. पण कुलूप लागलेलं. मोटर आणि पाय एक झालेले, आणि मोटरला खड्डा ठाऊक नव्हता. बटण मुठीत होतं, ते आठवायच्या आत पाऊल उचललं गेलं.

हौसाबाईंनी धावत जाऊन पट्ट्याची वायर उपटली. तात्या त्यांच्या अंगावर कलंडले.

"गाडीत ब्रेकला नुसता पाय लागला तरी कुलूप सुटतं, शहाणे! माणसाचा पाय थांब म्हणतोय, ते ऐकायची सोय नाही ठेवलीत?"

मृणालचा चेहरा उतरला. "सपाट फरशीवरच तपासलं होतं, मावशी." तिनं वायर जोडून कुलूप काढून ठेवलं; आता ते आपोआप नाही, बटण दाबलं तरच लागणार होतं. बटण हौसाबाईंनी आपल्याकडे घेतलं.

आता तेल घसरत होतं, पायालाच जोर लावावा लागत होता; तात्यांचं पाऊल जड पडू लागलं. चार फेऱ्यांत धाप लागली.

"पण असाच पाय पुन्हा शिकेल," मृणाल हळूच म्हणाली.

"हौसे, कुलूप लाव," तात्या म्हणाले.

"मरायचंय का?"

"मोरीपर्यंतसुद्धा तू धरून नेतेस मला. मघाशी तुझ्याशिवाय चाललो. ती पावलं मोटरची का असेनात."

हौसाबाई अंगठा बटणावर ठेवून उभ्या राहिल्या. पडण्याची भीती त्यांना होती. पण पाय तर तात्यांचे होते. मग बटण कुणाच्या हातात असावं?