दोन चकत्यांच्या मधे

नेपियर टाउनमधल्या क्लिनिकच्या माडीवर प्रणोती तीन वर्षं एकाच खटपटीत होती. सीटी स्कॅन म्हणजे शरीराच्या चकत्या. दोन चकत्यांमधली रिकामी जागा कॉम्प्युटरने आजूबाजूचं पाहून भरायची. नीट भरायची तर एका बिंदूसाठी शेजारचे चौसष्ट बिंदू वाचावे लागत. तिने ग्राफिक्स कार्डाला असं काही जुंपलं, की तेच काम आठ वाचनांत उरकू लागलं. वीस मिनिटांचं चित्र आता डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तयार!

आणि पहिले पेशंट निघाले तिचेच वडील. बाबा, म्हणजे चंद्रशेखर, फॅक्टरीत तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. मोजल्याशिवाय साधा नट पुढे सोडला नाही. लेथवरून उडालेली लोखंडाची कपची तेव्हा छातीत शिरली होती. आज खोकल्यातून रक्त यायला लागलं. स्कॅनच्या एकाही चकतीत कपची दिसेना आणि दुसरा स्कॅन काढायला वेळ नव्हता.

"जागा सांगा, प्रणोती जी," सर्जन अंजनी म्हणाल्या. "अंदाजानं नाही कापणार मी."

प्रणोतीने प्रोग्राम चालवला. बत्तिसाव्या आणि तेहतिसाव्या चकतीच्या मधे कपची लखलखली. तिने दोन्ही चकत्या पुन्हा तपासल्या. दोन्हीकडे नसलेली वस्तू मधे येईलच कशी? कपचीशेजारी तीन बारीक ठिपकेही चमकत होते.

स्ट्रेचरवरून बाबांनी मान उचलून पडद्यावरचे ठिपके पाहिले. "हे काहून आले?"

"माझीच काहीतरी चूक असेल, बाबा."

"मोजून ठेव बेटा. तीन आहेत."

कपची सांगितल्या जागी सापडली, केसाचाही फरक नाही. "कमाल कर दी!" म्हणत अंजनींनी तिला मिठीच मारली. प्रणोती ढसाढसा रडली, मग सगळ्या मजल्यांवर खोव्याची जलेबी वाटत सुटली. तीन वर्षांचं चीज झालं होतं.

आठव्या दिवशी नवा स्कॅन झाला. बाबा खाटेवर बसून जलेबी खात होते.

"या चमकतात त्या क्लिपा," अंजनी म्हणाल्या. "रक्त थांबवायला आत लावल्या. आता कायमच्या."

प्रणोतीने ऑपरेशनआधीचं चित्र शेजारी उघडलं. दोन ठिपके नेमके क्लिपांच्याच जागी होते; तिसऱ्याच्या जागी नव्या स्कॅनमध्ये काहीच नव्हतं.

"किती लावल्या?"

"दोन."

बाबांनी जलेबी खाली ठेवली.

"मग एक बाकी आहे," ते म्हणाले.