काचा बदलून मिळतील

चंदानं ती पाटी तीनदा वाचली. सातवीपर्यंत शिकलेली पोर, वाचण्यात चूक होणं शक्यच नव्हतं. 'काचा बदलून मिळतील.' ओढणीखालची बाटली तिनं घट्ट धरली आणि दुकानाची पायरी चढली.

वेळ भर बाराची. शहापूरच्या बाजारात कुत्रंही दिसत नव्हतं. या वेळेला शहाणं माणूस विहिरीवर जात नाही, चिंचेखालून जात नाही आणि आपली सावली कुठं गेली म्हणून खाली बघत नाही. अठ्ठ्याण्णव सालचा वैशाख होता आणि ऊन असं की हाकेला ओ द्यायलाही कुणी बाहेर नव्हतं.

आत एक तरुण भिंगाला डोळा लावून बसला होता. त्यानं भिंगासकट वर पाहिलं. एक डोळा माणसाचा, दुसरा लिंबाएवढा! चंदा एक पायरी मागं सरली. मग भिंग खाली आलं. दोन्ही डोळे बरे होते... जरा जास्तच बरे होते.

"हिची काच बदलायचीय," चंदा म्हणाली आणि बाटली पुढं केली.

"बाटलीची?"

"पाटीवर लिवलंय ना तुमी."

"ते चष्म्याचं हो –"

"काच ती काच. हा बघा, इथं तडा गेलाय. लवकर करा. आतला बाहेर यायला नको."

"आत कोण आहे?"

चंदानं मागं वळून रस्ता पाहिला. "गिऱ्हा हाय. भातसा नदीतला. तिघांना बुडवलंय त्यानं. माझ्या बापानं धरला."

तो हसला नाही. तो हसला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. त्यानं बाटली उजेडात धरली, भिंग लावलं आणि बराच वेळ पाहत राहिला. काळ्या फडक्यानं आणि मेणानं तोंड बांधलेली बाटली. काच आतून ओली होती.

"श्वास घेतोय वाटतं," तो गमतीत म्हणाला. पण म्हणून झाल्यावर त्यानं बाटली आपल्यापासून वीतभर लांब सरकवली. चंदानं ते टिपलं.

"सोल्युशन भरून देतो तड्यात. वाळायला आठ दिवस लागतील." सोल्युशन तासाभरात वाळतं. पण ते चंदाला काय ठाऊक!

"आठ दिवस? गिऱ्हा तुमच्याकडं?"

"राहील की. चहा पितो का तो?"

बाप गेल्यापासून चंदा हसली नव्हती. त्या दिवशी सापगावचा पूल ओलांडेपर्यंत तिचं हसू काही पुसलं जाईना.

चंदाचा बाप म्हणजे कोंडू भगत. पुलापलीकडं त्याचं घर. कुणाला झपाटलं, कुणाची गाय आटली, तर माणसं त्याच्याकडं येत. तो भूत धरायचा, बाटलीत घालायचा आणि बूच मारून आढ्याला टांगायचा. अशा सात बाटल्या. वारा नसतानाही त्या एकमेकींकडं तोंड करून वळत, असं आल्यागेल्याचं म्हणणं होतं. कोंडू थंडीत गेला आणि सातही चंदाच्या गळ्यात आल्या. दर अवसेला भर दुपारी त्या पुसायच्या, नारळ फोडायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. चंद्राबाई आत्यानं सगळं ठरवूनही टाकलं होतं – येत्या अवसेला गावासमोर चंदानं बापाच्या गादीवर बसायचं. एकदा बसलं की लग्न नाही, कारण या बाटल्या दुसऱ्याचा उंबरा ओलांडत नाहीत. तडा गेलेली एक चंदानं बाजारात नेली, ती आत्याच्या चोरून.

सातव्या बाटलीत चंदाची आई होती.

पोर जन्माला घालताना ती गेली. अशी बाई हडळ होते, हे लहान मूलही सांगेल. तिसऱ्या दिवशी दुपारी विहिरीच्या काठी कोंडूनं तिला धरली आणि बुचाखाली घातली, असं सारा गाव सांगायचा. बाकीच्या पोरींच्या आया चुलीपुढं असत, चंदाची आढ्याला. दात पडला तरी चंदा बाटलीखाली जाऊन सांगे, नापास झाली तरी सांगे. चष्मेवाल्याचंही तिनं सांगितलं. "डोळे बरे हायेत गो त्याचे," एवढंच. बाटली हळूच वळली... निदान चंदाला तसं वाटलं.

आठ दिवसांनी ती गेली तर इंद्रजीतच्या – त्याचं नाव इंद्रजीत – डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"घरी नेली होती, आसनगावला," तो म्हणाला. "रोज सकाळी बोटभर पुढं सरकलेली असायची. दाराच्या दिशेनं."

चंदानं विचारलं, "मग?"

"घर रुळाला लागून आहे. मालगाडी गेली की फळी हादरते. खडूनं खुणा करून बघितलं. जेवढ्या गाड्या, तेवढी सरकते."

"म्हंजे भूत नाय."

"नाय."

"मग झोपला का नाय तुमी?"

"खुणा करायला उठत होतो ना."

चंदानं त्याच्यावर नजर रोखली. तिची नजर खोटं पकडण्यात बापाच्या वरताण होती.

"...घाबरलो होतो," इंद्रजीत म्हणाला.

असं बोलणारा पुरुष चंदानं जन्मात पाहिला नव्हता. तिच्या गावात पुरुषांना झपाटलं जाई, ताप भरे, पोटात कळ येई. पण घाबरला असं कधी कुणी म्हणत नसे.

"तुमी तर देव, भूत काय मानत नाय. बाजारात समदे सांगतात."

"मानत नाय म्हणून भीती वाटत नाय असं कुठं आहे? आमच्या आज्यानं छप्पन सालानंतर घरातले देव भातसेत सोडले. आजी सांगायची, हात लटलट कापत होते, अंगाला घाम. पण सोडले. आमी घाबरतो हो. फक्त घाबरलो म्हणून नारळ फोडत नाय."

मग त्यानं सांगितलं. मुरबाडच्या रस्त्याला जी झपाटलेली चिंच आहे, तिच्याखाली दर अवसेला भर बारा वाजता काही माणसं डबा खातात. देव न मानणारी. लोक त्यांना 'चिंचेखालचे' म्हणून हिणवतात, आणि त्यांना ते नाव आवडतं.

"या एकदा."

"अवसेला मला गादीवर बसायचंय."

"मग डबा थंड होईल," तो म्हणाला, आणि बाटली देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर... मालगाडी जाण्याइतका वेळ राहिली.

अवसेच्या दिवशी चंदानं सातही बाटल्या टोपलीत भरल्या. आत्या दारात आडवी.

"कुठं चाललीस गो?"

"बाटल्यांना घेऊन जेवायला."

"त्या टोळीत? देव नाय, धरम नाय, जात नाय त्यांच्यात!"

"तेवढं तर बरं हाय, आत्ये."

"अवसेला त्यांना घेऊन उंबरा ओलांडलास तर काय व्हईल म्हायतेय?"

चंदाला माहीत नव्हतं. तरी आत्याला बाजूला सारून ती पुढं झाली. तिनं डोळे मिटले, उंबऱ्यापलीकडं पाऊल टाकलं आणि थांबली. टोपलीत बाटल्या किणकिणल्या. आणखी काहीच झालं नाही. ते काहीच न होणं इतकं भयंकर होतं, की ती चिंचेपर्यंत जवळजवळ धावतच गेली.

चिंचेखाली तिघं. इंद्रजीत, शाळेत शिकवणाऱ्या संघरत्नाबाई आणि मंगळू जीपवाला. जीपला लिंबू-मिरची लटकत होती.

"हे काय ओ, मंगळूदादा?"

"ते पॅसेंजरसाठी गो! मला नाय."

"गेल्या महिन्यात बदलायची राहिली, तर स्वतःच ब्रेक दोनदा तपासले यानं," संघरत्नाबाई म्हणाल्या. "बस चंदा. भाकरी घे आधी. भूत धरायचं तर भरल्या पोटी."

डबे उघडले. मग चंदानं टोपलीवरचं फडकं काढलं आणि सगळ्यांचे घास मंदावले.

पहिलं बूच तिनंच काढलं, डाव्या हातानं, तोंड फिरवून. आत तांदळाचे सात दाणे. दुसरीत खिळा. तिसरीत हळकुंड. गिऱ्ह्याच्या बाटलीत तळाशी चूळभर पाणी. काच ओली व्हायची ती त्यानं. पाचवी-सहावी रिकामी. सहाच्या सहा उघड्या बाटल्या तिनं दगडावर ओळीनं मांडल्या.

आणि तेव्हा आवाज सुरू झाला.

ऊंऽऽऽ... खालून, खोलातून, जणू जमिनीखाली कुणी विव्हळतंय. मग दुसरा, त्याहून बारीक. बुचं होती तोवर गप्प असलेल्या बाटल्या आता एकेक करून बोलू लागल्या. मंगळूचा हात जीपच्या किल्लीवर गेला. संघरत्नाबाईंनी डब्याचं झाकण छातीशी ढालीसारखं धरलं. इंद्रजीतनं चंदाचा हात पकडला.

पण कुणीही जागचं उठलं नाही.

मग वर चिंचेची पानं सळसळली आणि नदीकडून गरम झुळूक अंगावर आली. "वारा," इंद्रजीत घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बाटल्यांच्या तोंडावरून... वारा जातोय."

"घाबरलात तुमी!" चंदा म्हणाली. "समदे!"

"घाबरलो," मंगळू म्हणाला. "पण पळालो का?"

चंदा त्या तीन पांढऱ्याफटक तोंडांकडं बघत राहिली. बावीस वर्षं ती एकटीच घाबरत आली होती. भीती अशी चौघांत वाटून घेता येते, भाकरीसारखी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

राहिली सातवी.

चंदानं ती मांडीवर घेतली. ती म्हणाली, "सहांत भूत नाय निघालं. ही बी तशीच निघाली, तर मी इतकी वर्षं बोलत कुणाशी होते?"

मग इंद्रजीत म्हणाला, "ही नको उघडूस. माझ्या घरी फळीवर जागा आहे. मालगाडी गेली की सरकेल, मी परत मागं ठेवत जाईन."

"तुमी मानत नाय, तरी?"

"मानत नाय. पण पहिल्याच भेटीत सासूला बाटलीबाहेर काढायचं म्हणजे... बरं दिसत नाय."

मंगळूचा घास हातातच राहिला. संघरत्नाबाई चिंचेत काहीतरी शोधू लागल्या.

"सासू? कुणाची?" चंदानं विचारलं. कान लाल झाले होते.

"...विचार करून सांग."

"आईला विचारायला लागल."

एवढं बोलून तिनं काळं फडकं ओढलं. आणि ती थांबली. फडक्याखाली बाटलीला चिकटवलेला कागद होता, पिवळा पडलेला. इंद्रजीतनं खिशातलं भिंग काढून तिच्या हातात दिलं. चंदा एकेक अक्षर वाचू लागली. 'बाळाच्या पोटदुखीवर.' त्याखाली बारीक आकडे: मे १९७७.

आई गेली शहात्तरच्या आषाढात. तिसऱ्या दिवशी जिच्यात तिला कोंडली, ती बाटली तेव्हा कारखान्यातूनही निघाली नव्हती! शहात्तरच्या आषाढातून सत्त्याहत्तरच्या मेपर्यंत चंदानं बोटांवर मोजलं. दहा महिने. दहा महिन्यांची कोण होती तेव्हा त्या घरात?

तिनं मेण खरवडलं, बूच उपटलं. बुचाच्या कडेला दोन बारीक खड्डे होते. नव्यानं फुटलेल्या दोन दातांचे.

गावाला भीती बाळंतपणात गेलेल्या बाईची आणि पोरीला हवी होती आई. औषध संपल्यावर बापानं एका बुचात दोघांची सोय केली होती. कोंडू भगतानं हडळ कधी धरलीच नव्हती. एक रडणारी पोर धरली होती, तीही दोन्ही हातांनी.

चंदा रडली. मोठ्यानं रडली, नाक ओढत, भर बाराला, अवसेला, चिंचेखाली. बाटलीतून बाळंतशेपांचा वास आला. इतक्या वर्षांनी! आला, असं मंगळू आजही शपथेवर सांगतो. संघरत्नाबाई म्हणतात, डब्यातल्या भाजीचा असेल.

डोळे पुसून चंदानं बाटली दगडावर ठेवली, त्या सहांच्या शेजारी. वारा केव्हाच पडला होता. चिंचेचं पान हालत नव्हतं. सहा बाटल्या गप्प होत्या.

सातवी मात्र बोलली. ऊंऽऽ... एकदाच, अगदी हळू, झोपेतल्या बाळाला थोपटताना बाई गुणगुणते तशी.

कुणी कुणाकडं बघेना.

"ऐकलंस?" चंदा इंद्रजीतला म्हणाली. पहिल्यांदाच 'तू' म्हणाली. "आई हो म्हणतेय."

इंद्रजीतनं वर पानांकडं पाहिलं, मग घाईनं खाली. "वारा आहे तो."

"बरं. मग वाऱ्याला सांगू, नाय म्हण म्हणून?"

"नको, नको!" इंद्रजीत म्हणाला. "आईच असेल गो... आईच!"