गाडीत मागे कोण होतं?

बसा असे जवळ. माझे साडूभाऊ अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचे, त्यांच्या बाबतीत घडलेलं सांगतो. खोटं रचायला त्या माणसाच्या अंगात ताकदच नसायची. सदा दमलेला.

त्या मंगळवारी बदली ड्रायव्हर आलाच नाही, म्हणून रात्रपाळीही यांच्याच गळ्यात पडली. रात्री पावणेदोनला छोट्या दवाखान्यातून बोलावणं आलं. बेकरीच्या भट्टीचा भडका उडून कारागीर भाजला होता. छाती, दोन्ही हात. मालकाने त्याला लगेच नळाखाली धरलं, ते बरं केलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, स्वच्छ चादरीत गुंडाळलं आणि म्हणाले, "मोठ्या हॉस्पिटलला न्या. वाटेत थांबू नका." सोबतीला कोणी नाही. नर्स एकटी, आणि तिच्यापुढे अडलेली बाळंतीण.

साडूभाऊ निघाले. रस्ता सुनसान. डोळे नुसते चुरचुरत होते. मागून कण्हणं ऐकू येत होतं.

मग बाईचा आवाज आला.

"हात वर ठेव. सूज चढतेय."

"थंडी वाजतेय हो..."

"वाजणारच. पांघरूण घालते."

साडूभाऊंना हायसं वाटलं. आली म्हणजे नर्स शेवटी! "सिस्टर, त्या बाईची सुटका झाली का?"

मागे नुसती चादरीची सळसळ झाली.

पुढे वळणावर त्यांची मान कलली.

"डोळे उघड."

कानाशी. अगदी कानाशी.

समोर ट्रक! स्टिअरिंग फिरवलं... थोडक्यात वाचले.

मधली काच बंद होती, पोरांनो. त्यांनी मागे पाहिलं नाही.

हॉस्पिटलात मागचं दार उघडलं. आत कारागीर एकटा. चादरीची घडी करून तिच्यावर त्याचे हात उंच ठेवलेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोटावर अंगठीचा वळ आहे. वेळेवर काढलीत, नाहीतर सुजेत रुतून बोट गेलं असतं. कोणी काढली?"

"सिस्टरने."

"कुठे आहेत त्या?"

साडूभाऊंनी दवाखान्यात फोन लावला. नर्सनेच उचलला. मागे तान्हं बाळ रडत होतं. "मी कुठली येते? इथून हललेसुद्धा नाही."

...

कारागीर वाचला. बोटंही वाचली. बरा झाल्यावर म्हणाला, "बाई होती. तोंड दिसलं नाही. फार दमलेली वाटली. चालत्या गाडीत उभीच होती... कशालाही न धरता."

त्या रात्री साडूभाऊ घाबरलेसुद्धा नाहीत. घाबरायलाही अंगात त्राण लागतं. तिथेच सीटवर आडवे झाले. उजाडल्यावर किल्लीसाठी शर्टाच्या खिशात हात घातला.

बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं.

अंगठी. ओली.

आणि तिच्यावरचा साबणाचा फेस... अजून विरला नव्हता.