छतावरचं जुनं भोक

तुम्ही विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि मामा थापा मारणाऱ्यांतला नाही. तो फक्त चिडणाऱ्यांतला आहे.

शनिवार होता. उन्हं उतरायला लागली होती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मामा एका गाडीच्या छतावर वाकून उभा होता आणि त्याचं डोकं पार फिरलं होतं.

गाड्यांना वायरलेस बसवायचा मामाचा धंदा. सगळे त्याला वायरमामाच म्हणतात. गाडी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. माझ्या बाबांची होती, नुकतीच घेतलेली, सेकंडहँड. कितीतरी महिने घरी बसल्यावर बाबांना एक काम मिळालं होतं. घाटापलीकडे धरण बांधत होते, तिथे माणसं पोचवायची. घाटात मोबाईलला रेंज नाही. त्यामुळे नाक्यावरच्या ऑफिसशी, म्हणजे कंट्रोलशी, बोलायला वायरलेस नसेल तर गाडी वर सोडतच नसत.

दिवस मावळायच्या आत गाडी नाक्यावर लागली नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं.

आणि मीटरचा काटा काही केल्या खाली यायला तयार नव्हता.

अँटेना नीट बसली, की सेटमधला आवाज सगळा बाहेर फेकला जातो. नाही बसली, की तो तिथूनच मागे फिरतो. किती मागे फिरतोय ते मीटर दाखवतं. इथे जवळजवळ सगळाच मागे फिरत होता.

मामानं छताच्या मधोमध भोक पाडलं होतं. पत्र्याशी पक्कं अर्थिंग मिळावं म्हणून आतल्या बाजूनं रंग खरवडला होता. नट दोनदा आवळला. अँटेनाची पट्टी बदलली. काटा आपला वरच.

"गाडीला एक शेंडी बसवायला एवढा वेळ?" बाबा म्हणाले.

"दाजी, तुम्ही आता बोलू नका."

"बोलत नाही. पण सूर्य काही तुझ्यासाठी थांबणार नाही."

"बाजारातून नवी केबल आणा. जा. इथे उभं राहून माझं रक्त आटवू नका!"

बाबा गेले. मामा गाडीत बसला. जुनी केबल सेटमधून उपसून त्यानं हातात धरली आणि सेट तरी धड आहे का, हे बघायला तो चालू केला.

खरखर… खरखर…

आणि मग…

"कंट्रोल… कंट्रोल… ऐकू येतंय का?"

पुरुषाचा आवाज होता. दमलेला.

मामानं हातातल्या केबलकडे पाहिलं. तिचं टोक त्याच्या बोटांत होतं. सेटच्या मागे काहीच जोडलेलं नव्हतं.

जवळपास कुणाची तरी गाडी असणार, मामानं स्वतःची समजूत घातली. अगदी जवळून बोललं तर अँटेनाशिवायही कधीकधी ऐकू येतं.

"कंट्रोल… दार उघडत नाहीये… कुणीतरी बोला हो…"

मामाचा हात माईककडे गेला.

आणि तिथेच थांबला.

अँटेना जोडलेली नसताना माईकचं बटण दाबायचं नाही. सेट जळतो. या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. आणि बाबांसाठी उसना आणलेला हा एकच सेट होता. तो जळला, की काम गेलं.

"अहो… ऐकताय ना?"

मामानं सेट बंद केला. देईल कंट्रोल उत्तर, ते बसलेत कशाला तिथे!

शेडमध्ये शांतता पसरली.

टक्…

टक्… टक्…

छतावर. मागच्या बाजूला.

मामा उडी मारून बाहेर आला. छतावर कुणी नव्हतं. पक्षीही नव्हता. पण आवाज जिथून आला तिथे रंगाची छटा किंचित वेगळी होती. मामानं पान्याचा दांडा आपटून पाहिला. पत्रा वाजला नाही. खाली पुट्टी भरलेली होती.

बाबा केबल घेऊन आले, तेव्हा मामा वेड्यासारखा छत खरवडत होता.

"अरे, अजून किती भोकं पाडणार आहेस?"

"मी नाही पाडलं. आधीचंच आहे."

पुट्टी निघाली. खाली गोल भोक होतं, अँटेनाचंच. त्याच्या कडेला आतून, बाहेरून जुना रंग जसाच्या तसा होता.

"कोण गाढव होता हा!" मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रंग खरवडलाच नाही. या गाडीतून बोललेला शब्द कधी कुणाला ऐकू गेला नसेल, दाजी. माणूस बोलत बसला असेल आणि…"



त्यानं कडा स्वच्छ खरवडल्या आणि अँटेना त्या जुन्या भोकात बसवली. नवी केबल जोडली.

काटा खाली पडला. पार तळाला.

बाबा नळावर हात धूत होते. मामा एकटाच गाडीत बसला आणि त्यानं बटण दाबलं. "कंट्रोल, नवीन गाडी. आवाज कसा येतोय?"

"स्वच्छ येतोय," कंट्रोलवरच्या बाई म्हणाल्या. "पण एका वेळी एकानंच बोला ना. ते दुसरे कोण आहेत मागे?"

मामानं मागे वळून पाहिलं.

सीट रिकामी होती.

त्यानं बाबांना अडवलं. हातापाया पडायचा बाकी होता. "दाजी, आज जाऊ नका."

"आणि नाक्यावर काय सांगू? गाडीत भूत आहे?" बाबा वैतागले. "आत्ताच तर म्हणालास, सगळं ठीक झालं!"

बाबा गेले.

त्या रात्री मामाच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी बाबा सुखरूप परतले. वैतागलेलेच होते. घाट चढताना बाईंनी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं. 'तुम्ही थांबा, आधी त्यांना बोलू द्या.' मग सबंध घाटभर बाई फक्त म्हणत राहिल्या… 'ऐकतेय… बोला… ऐकतेय.' बाबांना मात्र बाईंशिवाय दुसऱ्या कुणाचाही आवाज आला नव्हता.

मामा तसाच उठून नाक्यावरच्या ऑफिसात गेला. बाई टेबल आवरत होत्या. नोकरी सोडली म्हणाल्या.

"त्या गाडीची अँटेना तुम्ही बसवलीत?"

"हो. काय बोलत होता तो?"

"ते मी कुणाला सांगणार नाही. त्यांचं बोलून झालंय. आता नाही बोलायचे ते." बाईंनी पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. "फक्त शेवटी एकच विचारत होते…"

"काय?"

"की हातात वायर धरून बसलेल्या माणसाला माझा आवाज येत होता. मग तो बोलला का नाही?"

मामानं ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही.

गाडी अजून धावते. तो आवाज पुन्हा कुणाला आला नाही. पण केबल काढलेली असताना मामा आता कुठलाच सेट चालू करत नाही. आणि विषय निघाला की आजही चिडून म्हणतो, "बटण दाबलं असतं तर सेट जळला असता रे. पण हे त्याला कुणी सांगायचं?"