डोळे मिटून सांगायचं

हॉस्पिटलच्या दारातल्या चहाच्या गाड्याशेजारी एक पोरगा शेंगाचटणीच्या पुडीशी झटापट करत होता. उजवा हात पट्ट्यात, पुडी दातात धरलेली, डाव्या हातानं ओढाओढ चाललेली आणि मांडीवरची कडक भाकरी घसरायला लागलेली. सिद्धेश्वरीला घाई होती, पण असलं बघून गप पुढं जाईल तर ती सिद्धेश्वरी कसली. तिनं पुडी त्याच्या तोंडातून काढली, टरकन फाडली आणि भाकरीवर चटणी ओतून दिली.

"उपकार झाले बगा," तो म्हणाला. "आता दही कुठनं आणू?"

"मिळालंय तेवढं खावा आधी."

"खातो की. पण दही असतं तर तुमी अजून जरा थांबला असता."

ती हसू दाबत आत गेली. थोड्या वेळानं तिच्या खोलीचा पडदा सरकला आणि तोच आत आला. प्रभुलिंग, राहणार भवानी पेठ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. शेडच्या खिडकीची काच निसटून मनगटावर पडली आणि आतली नस तुटली... रक्ताची नव्हे, स्पर्शाची. अंगठा आणि शेजारची दोन बोटं पार मुकी झाली. मागावरचा तुटका धागा ह्याच तीन बोटांनी ओढून गाठ मारायची असते. ती गेली तर हा जॉबर कशाचा?

सिद्धेश्वरी तिथं एका संशोधनात कामाला होती. तुटलेल्या नसेच्या दोन टोकांमध्ये काहींना पायातली नस काढून जोडत. काहींना प्रयोगशाळेत तयार केलेली बारीक नळी बसवत, आत पेशंटच्याच पेशी वाढवलेल्या. त्या नळीतून नस हळूहळू वाढून पलीकडं पोचावी, ही आशा. कुणाला काय बसवलंय ते सिद्धेश्वरीला मुद्दाम सांगत नसत; सांगितलं तर तपासणाऱ्याचं मन एकीकडं झुकतं. तिनं फक्त पेशंटला डोळे मिटायला लावायचे, नायलॉनचा केसाएवढा धागा बोटाला टेकवायचा आणि तो "लागलं" म्हणतोय का ते बघायचं. वर्षभरात काहीच लागलं नाही, तर ऑपरेशन करणारे शिवराज सर हात पुन्हा उघडणार होते. त्याहून उशीर झाला की स्नायू वाळून जातात, मग देवाच्याही हातात काही राहत नाही. प्रभुलिंगला हे ऑपरेशनच्या आधीच सांगितलेलं होतं. पण त्या घाबऱ्या घाईत कोण धड ऐकतो?

"असले धागे आमी टॉवेलातनं उपटून टाकतो," तो म्हणाला.

"डोळे मिटा."

"मिटले. पण मग बगू कुणाकडं?"

"कुणाकडंच नाही."

त्या दिवशी त्याला काही लागलं नाही. पुढच्या खेपेलाही नाही. प्रत्येक वेळी तो "न्हाय" म्हणायचा आणि सिद्धेश्वरीचा चेहरा उतरायचा. ती लपवायला बघायची, पण ह्याचं लक्ष दुसरं कुठं होतं म्हणा.

संक्रांतीच्या आधी तो म्हणाला, "मॅडम, गड्ड्याच्या जत्रंला जाताव का? जावा आणि काचंच्या बांगड्या घ्या. हात लई ओकेबोके दिसतेत तुमचे."

"तपासायला आलाय की हात बघायला?"

"तुमी माझा बगता, मी तुमचा बगतो. फिटंफाट."

गेली बरं का ती जत्रेला. अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं विचारलं, आजवर कधी बांगड्या घातल्या नाहीस, आताच काय झालं? सिद्धेश्वरी म्हणाली, स्वस्त मिळाल्या. हिरव्या गर्द बांगड्या, दोन्ही हात भरून. पुढच्या खेपेला ती त्या घालूनच त्याच्यासमोर बसली, तिनं धागा टेकवला... आणि मिटल्या डोळ्यांनी प्रभुलिंग म्हणाला, "लागलं."

तिनं पुन्हा टेकवला. "लागलं." तिसऱ्या बोटाला टेकवला, तरी "लागलं."

त्यानं डोळे उघडले तेव्हा ती रडत हसत होती. इतकी आनंदलेली बाई त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

मग काय, दर महिन्याला तीच तारीख, तोच पडदा, तेच "लागलं". मॅडमची सिद्धेश्वरी झाली, तुमीचं तू झालं. तपासणी झाली की दोघं गाड्यावर चहा प्यायची. चहा पिताना त्याच्या बोटावर मोठा फोड आलेला तिनं एकदा पाहिला, विचारलंही. तव्याला लागलं, म्हणाला. अंगठ्याखालचं मांस भरत नव्हतं, उलट आटत होतं. पण त्याला वेळ लागतो, असं सगळेच म्हणाले. बोटांना कळतंय म्हटल्यावर काळजी कोण करतो? आणि तिला तर काळजी करायचीच नव्हती. ती प्रेमात पडली होती, अगदी आकंठ.

दिवाळीनंतर पुण्याहून पाहणी करणारी मंडळी येणार होती. सरांनी सगळ्यांना बजावलं, अंगावर दागिना, बांगडी काही घालायचं नाही. सिद्धेश्वरीनं बांगड्या उतरवून पर्समध्ये ठेवल्या.

प्रभुलिंगनं डोळे मिटले. तिनं धागा टेकवला. तो गप्प. पुन्हा टेकवला, जरा दाबून. तो गप्पच, कपाळावर घाम. झोप लागली की काय ह्याला, म्हणून ती थांबली, धागा बाजूला ठेवला, स्वतःचे हात मांडीवर ठेवले.

"लागलं," प्रभुलिंग म्हणाला.

सिद्धेश्वरीनं बाजूला ठेवलेल्या धाग्याकडं पाहिलं. "प्रभू... मी हात लावलाच नाही तुला."

त्यानं डोळे उघडले, तिच्या मोकळ्या मनगटांकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"बांगड्या वाजायच्या," तो म्हणाला. "मागाचा आवाज ऐकायची सवय हाय मला. तू हात पुढं केलास की कळायचं."

"कधीपासून?"

"बांगड्या घातल्यास त्या पयल्या दिवसापासून. ते उगं गंमत म्हणून म्हटलं हुतं. पण तू असली खूश झालीस... मग न्हाय म्हणवेना."

"अरे, हात होता तो तुझा."

"वाटलं, आज ना उद्या खरंच लागंल. तोवर तू हसत ऱ्हाशील की."

शिवराज सरांनी त्याचा हात उलटसुलट करून पाहिला. वर्षाच्या आत कळलं असतं तर उघडला असता, एवढंच म्हणाले. आता उपयोग नाही. सिद्धेश्वरीनं आपण होऊन सगळं सांगितलं आणि जत्रेनंतर तिनं तपासलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद रद्द झाली. कुणाला खरंच लागलं होतं आणि कुणी काकणांच्या तालावर बोललं, हे कसं ओळखणार? नळी चांगली की वाईट, ते तिच्यामुळं कुणालाच कळलं नाही. तिला दुसरीकडं बसवलं. प्रभुलिंगचं कारखान्यातलं काम तर कधीच गेलं होतं.

शेवटचं भेटले ते हॉस्पिटलच्या आवारातल्या लिंबाखालच्या बाकावर. तो श्रीपूरला चालला होता, साखर कारखान्याच्या गेटवर राखणीचं काम मिळालं होतं. उजवा हात त्यानं बाकावर नुसता टाकून दिला होता, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. नजर रस्त्याकडं.

"मी येते," सिद्धेश्वरी म्हणाली. "लग्न करू. अव्वाला मी सांगते."

"नगं."

"माझ्यावर राग आहे?"

"राग असता तर बरं झालं असतं." तो तिच्याकडं बघत नव्हता. "रोज जेवायला बसलो की तू ह्या हाताकडं बगशील. मग मी पुन्हा खोटं बोलायला लागीन, बरं वाटतंय म्हणून. मला दुसरं येतच न्हाय तुझ्यासमोर."

तिला भांडायचं होतं. पण तो खरं बोलत होता, पहिल्यांदाच धडधडीत खरं बोलत होता, आणि ते तिला ठाऊक होतं. तिनं बाकावरची त्याची ती मुकी बोटं अलगद हातात घेतली आणि रस्त्याकडं बघत बसून राहिली. दाराशी श्रीपूरची जीप येऊन थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"एक सांगू?" प्रभुलिंग तसाच समोर बघत म्हणाला. "इतके महिने धाग्यानंच शिवलीस. आज तरी वाटलं हुतं, जाताना एकदा हात हातात घेशील."

सिद्धेश्वरीनं मूठ आवळली. त्याची मुकी बोटं मगापासून तिच्या मुठीतच होती.