‘व’पर्यंत

पाली भाषेचा मोठा शब्दकोश आमच्या नांदेडच्या कॉलेजात एकच होता आणि तो घरी नेऊ देत नसत. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, दुसऱ्या दिवशी सहामाही परीक्षा, आणि कोश एका उंच माणसाच्या कोपराखाली! मी दोनदा खोकले, खुर्ची सरकवली. शेवटी त्यानं मान वर केली.

“माझं ‘अ’ चालू हाय. तुम्हाला कोणतं अक्षर पायजे?”

“व.”

“मग बसा की समोर. मी नंतर लिहितो.”

श्रीमंत औशाचा. पीएच.डी.साठी त्याचा विषय होता वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहणं. त्या वर्षी पावसाचा पत्ता नव्हता, गोदावरीत नुसती वाळू, वसतिगृहात दिवसाआड टँकर... आणि हा पावसाळ्यावर प्रबंध लिहीत होता! मी तसं चिडवलं, तर कानापर्यंत लाजला. तिथंच माझं काहीतरी बिघडलं.

सहा महिने आम्ही त्याच टेबलाशी बसलो. तो सारखा वहीत काहीतरी उतरवत असे, मी सारखी त्याच्याकडे न बघितल्यासारखं करत असे. मार्चमध्ये त्यानं विचारलं, घरी येऊ का... म्हणजे, रीतसर? मी हो म्हणाले आणि माझी झोप उडाली. माझ्या थोरल्या बहिणीचं, कोंडाआक्काचं, काय झालं ते मी पाहिलं होतं. बी.ए.चं एक वर्ष, मग लग्न, मग चूल. पुस्तकं माळ्यावर गेली ती गेलीच. लग्नानंतर मला शिकू देणार का, हे श्रीमंतला विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

अहमदपूरला आमच्या घरी पाहुणे आले. आईनं त्यांच्यासाठी एक घागर दोन दिवस राखून ठेवली होती. श्रीमंतचे काका आप्पासाहेब उस्मानाबादेतून नुकत्याच फुटलेल्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीत कारकून. त्यांनी आधी माझा शाळेचा दाखला वाचला आणि त्यावर अजून उस्मानाबाद जिल्हाच आहे, म्हणून नाक मुरडलं. मग आम्हा बौद्धांमधल्या रिवाजाप्रमाणे म्हणाले, त्रिशरण-पंचशील म्हण, बाळ.

ते मी लहानपणापासून रोज म्हणत आलेय. झोपेतसुद्धा म्हणेन. हात जोडले, डोळे मिटले. डोक्यात एकच... शिकू देईल का? शिकू देईल का? आणि तोंडातून निघाल्या मंगलगाथा. लग्नात नवरा-नवरीवर फुलं टाकताना म्हणतात, त्या!

दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मान खाली घातली. आप्पासाहेब मात्र मांडीवर थाप मारून हसले.

“पोरीनं लगीन लावूनच टाकलं की. मग वैशाखात उरकू. शिक्षण काय, बी.ए. म्हंजे लई झालं.”

हीच तर माझी भीती होती. पण एवढी फजिती झाल्यावर आता घाबरायचं तरी कशाला?

“लगीन मला ह्यांच्याशीच करायचं हाय,” मी म्हणाले. “पण एम.ए. करायचंय. डॉक्टरेट करायचीय. ते सोडून न्हाई.”

श्रीमंतनं पिशवीत हात घातला आणि सात जाड वह्या सतरंजीवर ठेवल्या. मी वरची उघडली. त्याच्या बारीक अक्षरात कोश होता. कोशच, शब्दामागून शब्द उतरवलेला.

“घरी नेऊ देत न्हाईत ना,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “आधी माझ्यासाठी लिहीत होतो. मग... तुमच्यासाठी उतरवत राहिलो. प्रबंध तेवढा मागं पडला.” मग काकांकडे वळला. “लग्नाची तारीख ह्यांच्या परीक्षा बघून काढा, काका. अन् पुढच्या परीक्षाही हायतच.”

आप्पासाहेबांनी एक वही उलटसुलट करून पाहिली आणि पाणी मागितलं.

शेवटची वही ‘प’वर थांबली होती. पुढची पानं कोरी.

“‘व’पर्यंत पोचलो न्हाई,” श्रीमंत हळूच म्हणाला.

“‘व’ मी लिहिते,” मी म्हणाले आणि काकांसाठी आणलेला पाण्याचा पेला त्यालाच दिला. या वेळी मी उघड त्याच्याकडेच बघत होते, अर्धा पेला सतरंजीवर सांडला. त्या दुष्काळात सांडलेल्या पाण्यावरून आई मला एक शब्दही बोलली नाही.