कोरं रक्त

सकाळी दहाला लाईट जायची, हे हवानातल्या त्या प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होतं. म्हणून ओडालिस साडेनवालाच कॉफी उकळून घेई. एकोणतीस वर्षं तिने रक्त तपासण्यात घालवली होती. भुताखेतांवर विश्वास ठेवायला तिला सवडच मिळाली नव्हती.

लस एचआयव्हीवरची होती. विषाणूच्या कवचातल्या प्रथिनाचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, जोडून ती बनवली होती. ते तुकडे जुळवले नेमेसियोने. धाकटा भाऊ एड्सने गेला, तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. पहिली सुई मलाच टोचा म्हणून तो भांड भांड भांडला. हृदय अधू म्हणून समितीने त्याचं नाव खोडलं. चाचणी सुरू व्हायच्या आधीच, जानेवारीत, तो गेला.

चोवीस निरोगी माणसं, चार-चार आठवड्यांनी तीन डोस. शरीराने लशीला दाद दिली, की त्या माणसाचं रक्त घातलेली तपासणीची इवलीशी वाटी पिवळी होई. तुलनेला लस न घेतलेल्याचं रक्त लागे. ते विकत कुठून मिळणार? तिथली जुनी रीत अशी, की कर्मचाऱ्यांनीच दंड पुढे करायचा. त्याला सगळे ‘कोरं रक्त’ म्हणत. नेमेसियोच्या रक्ताच्या बऱ्याच नळ्या गोठवून ठेवलेल्या होत्या. वाया कशाला घालवायच्या, म्हणून ओडालिसनेच त्या वापरायला काढल्या.

डोस सुरू होण्याआधी त्याची वाटी पाण्यासारखी स्वच्छ आली होती. तशी नोंद तिच्याच अक्षरात होती. पहिल्या डोसनंतर ती किंचित पिवळी दिसली. ओडालिसने नवी नळी काढली, पुन्हा तपासलं. तेच. दुसऱ्या डोसनंतर वाटी हळदीसारखी झाली. दाद द्यायला जिवंत शरीर लागतं, नळीतलं रक्त काही शिकत नाही, हे तिने कितीतरी विद्यार्थ्यांना बजावलं होतं.

“कोरं रक्तच पिवळं, म्हणजे चाचणी बाद,” संचालक फुंदोरा म्हणाला. तोही तिच्याच हाताखाली शिकलेला. “शुक्रवारचा तिसरा डोस रद्द. त्या नळ्या फेकून द्या, ओडालिस.”

“तू फेक. मी नाही फेकणार.”

“मग अहवालात काय लिहू? मेलेला माणूस लस घेतोय?”

“लिही, की ओडालिसने चुकीचं रक्त वापरलं. चूक माझी, शिक्षा त्या चोवीस जणांना का? आणि नेमेसियोच्या उभ्या आयुष्यावर बोळा फिरवायचा? माझं रक्त घे कोरं म्हणून. काढ आत्ता! मोठा संचालक झालास, पण सुई धरताना हात अजून कापतो तुझा.”

तिचं रक्त कोरं आलं. चोवीस वाट्या पिवळ्याच राहिल्या. पंचविसावी, नेमेसियोची, सगळ्यांत गडद.

“होऊ दे शुक्रवारी,” फुंदोरा तिच्याकडे न बघता म्हणाला.

शुक्रवारी चोविसांना डोस देऊन झाले. फुटतुटीसाठी एक जास्तीची कुपी असे, ती उरली. ओडालिसने डोसच्या नोंदीचं नवं कार्ड घेऊन त्यावर नेमेसियोचं नाव घातलं. सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवली, शेजारी कापसाचा कोरडा बोळा ठेवला आणि खुर्ची खिडकीकडे सरकवली.

“समिती नाही म्हणाली होती ना? मी हो म्हणते,” ती मोठ्याने म्हणाली. “घे, हट्टी माणसा.”

बाहेर येऊन तिने कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली.

फुंदोरा दाराशीच उभा होता. “आत कोण आहे?”

“कोणी नाही. कॉफी घे.”

दहा वाजले. लाईट गेली, पंखे थांबले.

आत खुर्ची करकरली. कुणीतरी जड माणूस बसावा तशी.

फुंदोराने कप खाली ठेवला आणि कुलूप ओढून पाहिलं. ओडालिसने आपली कॉफी संपवली, मग कुलूप काढलं.

खुर्ची रिकामी होती. सिरिंजही. फरशी कोरडी होती.

तिने पेन काढलं आणि कार्डावर लिहिलं: तिसरा डोस, दिला.

मग ट्रेकडे पाहिलं. कापसाचा बोळा नीट दुमडलेला होता. मधोमध एक लाल ठिपका होता, आणि तो अजून पसरत होता.